तळहातावरचे नऊ टाके

आमच्या घरी मंगळवारी आणि शुक्रवारी बकऱ्याच्या पायांचा रस्सा असायचा, आणि त्याला कारण मेडिकल कॉलेजची मुलं होती. हे आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. माझ्या सुनेला तर वाटतं की म्हातारा रंगवून सांगतो. मी कशाला रंगवू? रंगवायला शब्द लागतात, आणि आठवीत दोनदा नापास झालेल्या माणसाकडे ते कुठून येणार? घरात शब्द होते ते सगळे बाबांकडे. माझ्याकडे हात होता. सकाळी ड्यूटीवर जाताना मी खाटकाकडून आठ पाय घ्यायचो, कातडीसकट. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला ड्रेसिंगची एक जुनी खोली होती, तिथे ते गरम पाण्याने धुऊन ब्लेडने केस काढून ठेवायचो. दुपारी दोनला ओपीडी उठली की सहा मुलं येऊन स्टुलांवर बसायची. प्रत्येकाच्या पुढ्यात ट्रे, ट्रेमध्ये एक पाय. मी ब्लेडने दोन बोटं लांब चीर द्यायचो आणि म्हणायचो, शिवा आता. उरलेले दोन पाय मी स्वतः शिवून दाखवायला.

संध्याकाळी तेच पाय कापडी पिशवीत घालून मी बसने दिल्लीतल्या आर. के. पुरमला घरी आणायचो. आमचं क्वार्टर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मागे तारा बांधलेलं छोटं अंगण. त्या अंगणात आई पाटावर बसून आधी कात्रीने सगळे टाके काढायची, मग कोळशाच्या शेगडीवर पाय भाजायची. भाजलेल्या कातडीचा वास, त्यात बाबांच्या खळीचा वास. बाबा एका मंत्रालयात दफ्तरी होते. दफ्तरी म्हणजे फायली बांधणारा, रजिस्टरं शिवणारा, रेकॉर्ड रूम सांभाळणारा माणूस. ऑफिसचं उरलेलं काम ते घरी आणायचे आणि त्यासाठी मैद्याची खळ शिजवायचे, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालून. खळीचं पातेलं आणि रश्श्याचं पातेलं वेगळं ठेवण्यावरून आईची रोज बडबड असायची. मोरचूद विष आहे, एक दिवस सगळ्यांना मारून टाकाल, असं ती म्हणायची, आणि बाबा जाड सुईला मेण लावत बसायचे.

आईला टाके काढून काढून मुलं ओळखू यायला लागली होती. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एक पाय हातात घेऊन म्हणायची, हा पोट्टा घाईचा आहे, याच्या हाती माणूस देऊ नका. दुसऱ्याला म्हणायची, हा नुसता घाबरतो, दोरा ओढतच नाही. आणि एक पाय होता, ज्याचे टाके कापायला ती कचरायची. सगळे सारख्या अंतरावर, गाठी सगळ्या एका बाजूला. तो वीणाचा असायचा. वीणा करनालकडची मुलगी होती, सहाजणांत एकटीच मुलगी, कमी बोलायची. मी आईला सांगितलं की हे पोरीचं काम आहे, तर आई म्हणाली, मला वाटलंच.

एकदा बाबांच्या ताटात रश्श्यामध्ये काळा दोरा निघाला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून ताटाच्या कडेला ठेवला, भाकरीचा तुकडा मोडला आणि मला विचारलं, "हे कोणत्या डॉक्टरसाहेबांचं?" आई हसून हसून बेजार झाली. मी नाही हसलो. बाबा माझ्या कामाबद्दल बोलायचे ते एवढंच, आणि असंच.

आता बाबांचं सांगितलं पाहिजे. ते अमरावतीकडच्या एका खेड्यातून आलेले, मॅट्रिक झालेले. आमच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की कॉलनीतले मराठी लोक, आणि नुसते मराठी नव्हे, बिहारी, गढवाली, सगळे आमच्या दारात येऊन बसायचे. कोणाला बदलीचा अर्ज, कोणाला मुलीच्या सासरी पत्र, कोणाला वरून आलेल्या मेमोचं उत्तर. बाबा प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे, मग पेनाचं टोपण काढायचे. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "असंच झालं ना? याच्यापेक्षा जास्त नाही ना लिहिलं मी?" त्यांचा कागदावर असा जीव होता. जे झालं ते कागदावर पाहिजे, आणि जे कागदावर आहे ते झालेलं पाहिजे. अशा माणसाचा एकुलता एक मुलगा शाळा सोडून हॉस्पिटलात वॉर्डबॉय लागला. त्यांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. कोणी विचारलं तर सांगायचे, मुलगा हॉस्पिटलात आहे. पुढचं वाक्य नसायचं. समोरच्याला वाटलं कंपाउंडर आहे तर वाटू द्यायचे. तीन वर्षं झाली, पण मी काम करतो ती जागा त्यांनी एकदाही पाहिली नव्हती.

मला मात्र तोवर मान मिळायला लागला होता, आणि तो मला चढलाही होता. कॅज्युअल्टीतला जुना ड्रेसर रामलुभाया, पंजाबी म्हातारा, त्याने मला हाताखाली घेतलं होतं. सुई कातडीत उभी घुसली पाहिजे, मग हात नाही, मनगट फिरवायचं. जेवढं या बाजूला धरलं तेवढंच त्या बाजूला. दोन्ही काठ एकमेकांना नुसते भेटले पाहिजेत, आवळायचे नाहीत. प्रत्येक टाक्याची गाठ वेगळी, म्हणजे एक सुटला तर बाकीचे राहतात. आणि सगळ्यांत आधी त्याने शिकवलं ते हे, की कल का जख्म आज मत सीना. शिळी जखम धुवायची, उघडी ठेवायची, रोज पट्टी बदलायची, कारण आत घाण राहिली आणि वरून तोंड बंद केलं तर ती आतल्या आत जाते. तो रिटायर झाला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि माझा हात त्याच्यापेक्षा बरा होता. हे त्यानेच सांगितलं होतं, मी नाही म्हणत. मग एका मोठ्या डॉक्टरांनी मला एका रिक्षावाल्याचं डोकं शिवताना पाहिलं आणि आपल्या विद्यार्थ्यांना म्हणाले, जाओ, इससे सीखो. तेव्हापासून ती सहा मुलं. ती मला उस्ताद म्हणायची. पुढे डॉक्टर होणारी, इंग्रजी बोलणारी, मोटारीतून उतरणारी मुलं मला उस्ताद म्हणायची.

कागदावर मात्र मी कोणी नव्हतो. ड्रेसरने पट्टी करायची, टाके डॉक्टरने घालायचे, असा नियम. मुलांना त्यांच्या वहीत टाक्यांची संख्या दाखवावी लागायची. म्हणून तिथे एक रीत पडली होती. केस आली की टाके मी घालायचो, मुलं बघायची, आणि खोलीतल्या रजिस्टरात ज्याची पाळी असेल त्याचं नाव लागायचं. मुलांची वही भरायची, पेशंटचं काम चांगलं व्हायचं, माझा हात चालायचा. कोणाचंच काही बिघडत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांना माहीत होतं, सिस्टरला माहीत होतं. फक्त रजिस्टराला माहीत नव्हतं.

हल्ली मी गुडगावकडच्या एका कॉलेजात आठवड्यातून दोनदा जातो. नातीच्या ओळखीने बोलावलं त्यांनी. तिथे रबराची कातडी असते, तीन थरांची, तिच्यातून रक्त येत नाही, तिचा रस्साही होत नाही. मुलं चांगली आहेत, मोबाईलवर माझ्या हाताचं शूटिंग घेतात. एकाने परवा विचारलं, सर, तुमच्याकडून आयुष्यात काही चुकलं का? मी म्हटलं, टाका कधी चुकला नाही. ते खोटं नाही. पुढे ऐकाल तर कळेल.

थंडीचे दिवस होते. सोमवारी रेकॉर्ड रूममध्ये वरच्या रॅकवरून गठ्ठा ओढताना लोखंडी पट्टीच्या गंजक्या कडेने बाबांचा उजवा तळहात फाटला. तर्जनीच्या मुळापासून मनगटाकडे, चांगला चार बोटं. त्यांनी रुमाल बांधला आणि सुट्टी होईपर्यंत काम केलं. घरी आले तेव्हा आईने हळद दाबून जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. मी म्हटलं, बघू. बाबा म्हणाले, "बकऱ्याचा पाय नाही तो." मीही त्यांचाच मुलगा. दुसऱ्यांदा विचारलं नाही. मंगळवारीही ते तसेच कामावर गेले. त्या दिवशीही रस्सा होता, आणि ते डाव्या हाताने, चमच्याने जेवले. आईने मला खुणा केल्या, मी ताटात बघत राहिलो. आज वाटतं की त्या रात्री मी जबरदस्तीने पट्टी सोडायला पाहिजे होती. पण आमच्या घरात जबरदस्ती फक्त आई करायची, आणि ती सुद्धा जेवणापुरती.

बुधवारी दुपारी मी खोलीत होतो, मुलं केसची वाट बघत बसलेली होती. दारात पेशंट आला म्हणून वीणा उठली. मी सुई धरायचा होल्डर पुसत होतो, वर पाहिलं तर बाबा. स्वेटर, मफलर, हातात कॅज्युअल्टीची पर्ची. मागाहून कळलं की फायलींवर रक्ताचे डाग पडायला लागले म्हणून साहेबांनी त्यांना पाठवलं होतं. घरी मुलगा असताना ते सरकारी रांगेत एक तास उभे राहून, पर्ची काढून आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही, आणि खोलीभर नजर फिरवून विचारलं, "किसके पास बैठना है?"

वीणा म्हणाली, "उस्ताद के पास बैठिए, चाचाजी."

बाबांनी उस्ताद कोण ते शोधलं. सहाही मुलं माझ्याकडे बघत होती. ते आले, माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि हात टेबलावर ठेवला. मी पट्टी सोडली. हळदीने सगळं पिवळं झालेलं, काठ सुजलेले, फिकट पडलेले, मधल्या भेगेत गंजाचा रंग. वास नव्हता. मी धुवायला घेतलं. वीणा माझ्या खांद्यामागे उभी होती. तिने विचारलं की चोट कधीची आहे. बाबा म्हणाले, परसों की. ती हळूच म्हणाली, "उस्ताद, फिर तो खुला छोड़ना है ना? आप ही ने बताया था."

तिचं बरोबर होतं. तिने नसतं सांगितलं तरी मला माहीत होतं. पण उघडं ठेवायचं म्हणजे मी काय करणार? धुणार, गॉज ठेवणार, पट्टी बांधणार. म्हणजे आईने केलं तेच. तीन वर्षांनी बाबा इथे आले, सहा डॉक्टर मला उस्ताद म्हणताना त्यांनी ऐकलं, आणि मी त्यांना पट्टी बांधून परत पाठवायचं? मी वीणाला म्हटलं, साफ है, हाथ में खून का दौरा अच्छा होता है, देखो और सीखो. मी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि नऊ टाके घातले. तळहाताची कातडी जाड असते, सुई वळत नाही, चांगल्या चांगल्यांचा हात तिथे थरथरतो. माझा थरथरला नाही. ते नऊ टाके मी आजही डोळे मिटून बघू शकतो. त्याच्यात खोट काढणारा अजून जन्माला यायचा आहे. बाबा सगळा वेळ बघत होते. पेशंट तोंड फिरवतात, त्यांनी एकदाही फिरवलं नाही. शेवटची गाठ कापली तेव्हा ते मराठीत म्हणाले, "शिलाई चांगली आहे."

मुलांनी कान टवकारले. एकाने विचारलं, हे तुमच्या गावचे आहेत का? मी म्हटलं, पिताजी हैं. सगळी उभी राहिली. एक जण तर त्यांच्या पाया पडला. कोणी चहा आणला, कोणी धनुर्वाताचं इंजेक्शन आणायला धावलं, आणि कोणीतरी रजिस्टर भरलं. त्या दिवशी पाळी वीणाची होती. तिचं नाव लागलं.

संध्याकाळी बाबांनी आईला सांगितलं की सगळी मुलं याला उस्ताद म्हणतात. मी अंगणात होतो, मला ऐकू यावं एवढ्या आवाजात सांगितलं. शेजारचा गढवाली हवालदार आला, त्याला पट्टी दाखवून म्हणाले, मुलाने शिवलं. मुलगा हॉस्पिटलात आहे, याच्या पुढचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. दोन दिवस असं चाललं. शुक्रवारी ते लवकर निजले. शनिवारी शाल पांघरून बसून राहिले, थंडी आहे म्हणाले, जेवले नाहीत. मी विचारलं, दुखतं का, तर म्हणाले, टाक्यांचं दुखणारच. रविवारी लोक अर्ज घेऊन आले तेव्हा त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. तेव्हा आईने शाल ओढली. पट्टीच्या बाहेर बोटं वांग्यासारखी झाली होती, आणि मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला लाल रेघ चढलेली होती. त्यांना दोन दिवसांपासून ताप होता. शिलाई चांगली आहे म्हणून एकदा बोलून बसलेला माणूस तो शब्द कसा मागे घेणार, म्हणून ते शालीखाली तापत बसले होते. असं मला वाटतं. मी कधी विचारलं नाही.

हवालदाराने ओळखीची जीप आणली. हॉस्पिटलात मी माझे टाके माझ्याच हाताने कापले. तिसरा कापला तेव्हा आतून सगळं बाहेर आलं. मग मोठं ऑपरेशन झालं. हात वाचला, पण तर्जनी आणि मधलं बोट गेलं, आणि अंगठा आत वळला तो तसाच राहिला. डॉक्टर मला सांगत होते तेव्हा मी मान हलवत होतो आणि ट्रेमधल्या कात्र्या मापाप्रमाणे लावत होतो, लहान, मधली, मोठी. मला रडू आलं नाही. माझे हात धुतलेले होते तरी मी पुन्हा धुतले. त्या दिवसांत मी सगळी कामं नीट केली, एकही चूक केली नाही. आई घरी भाकरी थापायची तो आवाज ऐकू यायचा, बसमध्ये लोक बोलायचे ते ऐकू यायचं, पण सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं.

आठवड्याने सर्जरीचे हेड राउंडला आले, आमची रीत माहीत असलेले ते मोठे डॉक्टर नव्हेत. त्यांनी पट्टी उघडून पाहिली आणि शिळी जखम कोणी बंद केली म्हणून विचारलं. सिस्टरने रजिस्टर आणलं. वीणाला बोलावून घेतलं. बाबांच्या खाटेशी, सगळ्यांसमोर त्यांनी तिला विचारलं, ये टांके तुमने लगाए? ती रजिस्टरातल्या आपल्या नावाकडे बघत राहिली. खरं सांगितलं असतं तर सहाही मुलांच्या वह्या खोट्या निघाल्या असत्या. ते तिला इंग्रजीत बरंच बोलले. दोन दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही, एवढं मला समजलं. मी मागे ट्रे घेऊन उभा होतो. बाबा उशीवरून माझ्याकडे बघत होते. मी गॉजच्या घड्या मोजल्या.

दुपारी वीणा मला निर्जंतुक करायच्या भट्टीपाशी गाठायला आली. ती रडत नव्हती. म्हणाली, "उस्ताद, मैंने मना किया था."

मी म्हटलं, "रजिस्टर मैंने नहीं लिखा."

हे मी म्हटलं. ती वळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना चहा द्यायला गेलो तर ते खाटेवर उठून बसलेले होते. म्हणाले, ताव आण, दोन. आणि माझं पेन. मी आणलं. त्यांनी पेन डाव्या हातात धरलं. खाटेवर मांडी, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. उजवा हात गळ्यात बांधलेला. पेन टेकवलं की कागद सरकायचा. दोनदा सरकला. मग ते म्हणाले, "कागद धर."

मी कागद धरला. त्यांनी हिंदीत लिहायला घेतलं. पहिलीच्या पोरासारखी अक्षरं, एकेक ओळ उताराला लागलेली. वरचा मायना लिहायला पाव तास लागला. मला उलटं दिसत होतं, आणि सुलटंही मला कुठे चटकन वाचता येत होतं? पण माझं नाव आलं तेव्हा मी ते ओळखलं. माझं बोट त्या ओळीच्या वाटेत होतं. बाबा थांबले. मी बोट काढलं. त्यांनी पुढे लिहिलं. एक कागद फुकट गेला, दुसरा घेतला. वॉर्डात जेवणाची गाडी येऊन गेली तरी त्यांचं चालूच होतं. संपल्यावर पेन ठेवून डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली, आणि म्हणाले, "वाच. मोठ्याने."

मी वाचलं. अडखळत, बोट ठेवून. लिहिलं होतं की बुधवारी माझ्या हाताला टाके माझ्या मुलाने घातले. डॉक्टर वीणाने घातले नाहीत, तिने नको म्हणून सांगितलं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मुलाचा हेतू वाईट नव्हता. रजिस्टरातली नोंद खरी नाही, ती दुरुस्त व्हावी. एवढंच. शेजारच्या खाटेवरचा माणूस उशीवर कोपर टेकून ऐकत होता. माझं वाचून झालं तसं बाबांनी विचारलं, "असंच झालं ना? जास्त नाही ना लिहिलं मी?"

मी म्हटलं, "नाही."

"मग खाली सही कर. माझ्या सहीखाली." मी केली. ते म्हणाले, "न्यायचा की नाही ते तू बघ. मी इथून उठू शकत नाही."

पुढचं इथेच सांगून टाकतो. मला त्या खोलीतून काढून कपड्यांच्या स्टोअरमध्ये टाकलं. चादरी, गाऊन, उशांच्या खोळी. दोन वर्षं मी सुईला हात लावला नाही. मुलांच्या वह्यांची चौकशी होऊन सगळ्यांना पुन्हा टाके घालून दाखवावे लागले. वीणा परीक्षेला बसली, पास झाली. तिने माझ्याशी पुन्हा बोलणं ठेवलं नाही, समोरून आली तर जिन्याची दुसरी बाजू धरायची, आणि ते बरोबरच होतं. बाबा ऑफिसात परत गेले. फायलीची दोरी दातात धरून बांधायचे. रजिस्टरं शिवणं बंद झालं. रविवारी लोक काही महिने येत राहिले, नुसतं बसायला, मग तेही कमी झाले. आईने पाय आणू नको म्हणून सांगितलं नाही, पण मी आणले नाहीत.

तर त्या दुपारी मी कागद घेऊन निघालो. हॉस्पिटलचं ऑफिस दुसऱ्या इमारतीत होतं, मध्ये मोकळी जागा, तिथे ऊन पडलेलं आणि पेशंटांचे नातेवाईक चटया टाकून संत्री सोलत बसलेले. जिन्याखाली पट्ट्या जाळायची जागा होती. तिथे मी थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. तिथला माणूस म्हणाला, काही टाकायचंय का? मी म्हटलं, नाही. खिडकीवरच्या बाबूने कागद घेतला, वाचला, चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. त्याने विचारलं, ही खालची सही तुझी? मी म्हटलं, हां. आणि वरची? मी म्हटलं, पिताजी. शिक्का मारून त्याने कागद ट्रेमध्ये टाकला. मी परत फिरलो, आणि अर्ध्या वाटेवरून पुन्हा खिडकीशी गेलो. बाबा काय विचारणार ते मला माहीत होतं.

वॉर्डात आलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मी स्टूल ओढलं, त्या आवाजाने उघडले.

"दिला?"

"दिला."

"पोच घेतली?"

"घेतली."

"दाखव."

लिहून लिहून त्यांचा डावा हात आखडला होता, म्हणून मी ती चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी ती सावकाश वाचली, शिक्का, तारीख, बाबूची सही, सगळं. मग त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. मला काहीतरी वाटेल म्हणून मी तिथे बसून राहिलो. आई डबा घेऊन आली, तिने विचारलं काय झालं, तर बाबा डोळे न उघडता म्हणाले, काही नाही, मुलाने एक काम केलं. आईने डबा उघडला. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि त्यांना भरवायला घेतलं.